घरबांधणीवरची सुरक्षा: खड्डा, टाकी, सेंट्रिंग, करंट. पक्कं माहीत असेल ते टाका

काळीमाती
शेजारच्या घरकुलावर सेप्टिक टँकचं सेंट्रिंग (स्लॅब ओतताना खालून दिलेला फळ्या-बल्ल्यांचा आधार) काढायचं काम चाललंय. दोन आठवडे बंद टाकी, झाकण उघडल्याबरोबर पोरगं आत उतरायला तयार. ते पाहून अशा जुन्या घटना डोक्यात आल्या, म्हणून धागा.

नवी टाकी, मैला पडलेला नाही, मग गॅस कुठला, असं सगळेच म्हणतात. आत क्युरिंगचं (स्लॅब पक्का व्हायला मारतात ते) पाणी साचलेलं असतं, फळ्या आणि बल्ल्या (टेकूचे लाकडी खांब) ओल्या असतात. ओलं लाकूड कुजताना बंद जागेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. वास नाही, डोळ्यांची चुरचुर नाही. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 6 च्या खाली गेला की दोन-चार श्वासांत माणूस आडवा, ओरडायलाही वेळ मिळत नाही. मग वरचा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो.

दोन्ही झाकणं आदल्या दिवशीच उघडा. पाणी वरूनच पंपाने उपसा. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा, नुसता पंखा तोंडाशी ठेवून खालची हवा बदलत नाही. उतरणाऱ्याच्या छातीला दोर आणि वर दोन माणसं. आतला पडला तर वरूनच ओढायचा, उतरायचं नाही.

मिस्त्री_हिंगणघाट
त्यापेक्षा आत सेंट्रिंगच नको न भाऊ. बाहेर जमिनीवर 2 फुटी आरसीसी पट्ट्या ओता, पक्क्या झाल्या की टाकीवर मांडा, सांधे मसाल्याने भरा. आत उतरायचं कामच नाही.

पांढरकवडा_वाला
कंदील सोडून पाहतात न आमच्याकडे. विझला त उतरायचं नाही.

काळीमाती
@पांढरकवडा कंदील विझतो साधारण 16-17 टक्क्यांला, म्हणजे फक्त ऑक्सिजनचं कळतं. विषारी गॅसचं काहीच कळत नाही. आणि जुन्या, वापरातल्या टाकीत मिथेन असतो, तिथं काडीही ओढू नका.

रेती_कुठं_हाये
रेतीचा भाव काय चालू आहे वर्धा साइडला? इथं ब्रासला काहीही सांगतात

मिस्त्री_हिंगणघाट
@रेती धागा कशाचा आन तुमचं काय 😄 मुरूम घ्या, चहा पाजतो.

खोदकाम
खड्ड्याबद्दल. काळी माती सुकी असली की भिंतीसारखी उभी राहते, त्यानेच माणूस फसतो. ती मुळात भेगाळलेली असते, पाणी शिरलं की पूर्ण ढेकूळ भेगेपासून सुटतं. कडेची माती हळूहळू झडते तसं नाही, पूर्ण बाजूच बसते. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या वर, छातीपर्यंत दबलेल्यालाही श्वास घेता येत नाही.
दीड मीटरपेक्षा खोल गेलात की बाजू उतरत्या कापा, नाहीतर फळ्या लावून आडवे टेकू द्या. निघालेली माती काठापासून निदान एक मीटर लांब, आमच्याकडे ती नेमकी काठावरच टाकतात. ट्रॅक्टर काठाशी आणू नका. पाऊस पडून गेला की सकाळी आधी वरून भेग पाहा, मग उतरा. आणि शिडी खड्ड्यातच राहू द्या.

स्लॅबवाला_आर्वी
सेंट्रिंग काढायचे दिवस लिहून घ्या: बीम-कॉलमच्या बाजू 16 ते 24 तास. स्लॅबचे टेकू 4.5 मीटर गाळ्यापर्यंत (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) 7 दिवस, त्यावर 14. बीमचे टेकू 6 मीटरपर्यंत 14, त्यावर 21. हे आयएस 456 (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) चे आकडे, साध्या ओपीसी सिमेंटचे. गावात मिळते ती बहुतेक पीपीसी (राख मिसळलेली सिमेंट), ती सावकाश पकडते, म्हणून थोडे जास्त दिवस धरा.
घरकुलात गडबड इथंच होते. कामाचा फोटो चढल्याशिवाय सरकारी हप्ता येत नाही आणि सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा भाड्याच्या, दुसऱ्या साइटवाला रोज फोन करतो. मग पाचव्याच दिवशी प्लेटा खाली.
बल्ली मातीवर उभी करू नका. खाली फळी द्या, नाहीतर ओतताना पाणी सांडून ती रुतते आणि स्लॅब झोळतो. दोन तुकड्यांची जोडबल्ली तर नकोच.

रोहणी_निघाली
चांगला धागा. वाचत आहे, पोळ्या चालू आहेत.

वायरमन_दादा
सळई 12 मीटरची येते. ती उभी करून गच्चीवर चढवताना 11 केव्हीच्या तारेला लागते, दरवर्षीचं आहे. 11 केव्हीची तार बांधकामापासून आडवी निदान 1.2 मीटर आणि गच्चीपासून वर उभं अंतर 3.7 मीटर असलं पाहिजे. कमी असेल तर आधी महावितरणला अर्ज, मग स्लॅब. सळई दोघांनी आडवीच न्यायची.
मोटार-व्हायब्रेटरला 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावा. पोलवर आकडा टाकून चालवलेल्या व्हायब्रेटरला तो कुठून येणार, हे वेगळं सांगत नाही.

शुभा_यवतमाळ
रेजांबद्दल (बांधकामावरच्या मजूर बायकांबद्दल) कोणीच लिहिलं नाही. मिक्सरचा पट्टा उघडा असतो आणि पदर किंवा ओढणी त्यातच जाते. पट्ट्यावर जाळी पाहिजे, नसेल तर पदर कमरेत घट्ट खोचून वरून जुना शर्ट. ओल्या सिमेंटमध्ये अनवाणी उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत कळत नाही, मग कातडी जाते. सिमेंट अल्कली असते, भाजतेच. लगेच भरपूर पाण्याने धुवा. गमबुटात मसाला शिरला असेल तर बूट काढून धुवा, नाहीतर आतच भाजत राहतं.

पांढरकवडा_वाला
बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा पेटीत हेल्मेट आलं, ते पोट्टे गाडीवर घालून फिरतात 😂

मिस्त्री_हिंगणघाट
@पांढरकवडा गाडीला ते चालत नाही बाप्पा, वरून पडणाऱ्या विटेसाठी असते ते. पट्टी आतून घट्ट करा, नाहीतर वाकलं की पडते.
ज्यांची मंडळात नोंदणी नाही त्यांनी करून घ्या. वय 18 ते 60, मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला, गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) देतो.

खोदकाम
नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लिहा कोणीतरी. 45 डिग्रीत दुपारी 12 ते 4 काम बंदच पाहिजे. सकाळी 6 ला सुरू, 11 ला सुट्टी. घाम येणं बंद झालं, बडबड सुरू झाली की ऊन लागलंय समजा: सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, ओलं फडकं मान-काखेत, 108 लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रोहणी_निघाली
आणि विटांचा चट्टा हाताने उपसताना विंचू. आधी काठीने हलवा. बरं, धनुर्वाताचं इंजेक्शन किती वर्षांनी?

शुभा_यवतमाळ
@रोहणी 10 वर्षांनी बूस्टर. पण गंजका खिळा खोल गेला आणि आधीच्या डोसला 5 वर्षं होऊन गेली असतील तर तेव्हाच घ्या. फळ्या काढतानाच त्यांचे खिळे वाकवून टाका, ते सोपं.

रेती_कुठं_हाये
मुरूम नाही चालत ना प्लास्टरला. कोणी सांगा रेतीचं