पार्किन्सन्सच्या रुग्णासोबत वृद्धाश्रमात राहायला जायचंय, आधी काय काय विचारून घ्यावं?

नमस्कार. आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी ७३, हे ७९. ह्यांना पार्किन्सन्स आहे. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडकतात, रात्री कूस बदलायलाही आधार लागतो. ब्युरोतून मामा (रुग्ण सांभाळणारे मदतनीस) येतात, पण त्यांनी सुट्टी घेतली की बदली माणूस मिळेलच असं नाही, आणि ह्यांना उचलणं आता माझ्या पाठीला झेपत नाही.

म्हणून मी हिंडती-फिरती आहे तोवरच पनवेल-कर्जतकडे चांगली जागा बघून जायचं, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. मुलगा पुण्याला असतो. 'इकडे या' म्हणतो, अगदी मनापासून. पण ती दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे तिथेही प्रश्न तोच. नणंदेनं 'पोटचा मुलगा असताना आश्रम कशाला?' असं विचारलं, ते त्याला फार लागलंय. कृपया इथे कुणी त्याला बोल लावू नका.

फोनवर चौकशी केली की बहुतेकांचा पहिला प्रश्न, 'स्वतःचं स्वतः करतात ना?' आज काठी धरून करतात. उद्या अंथरुणाला खिळले तर ठेवून घेतात, की घेऊन जा म्हणतात? मला सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच आहे. तशा अवस्थेत त्यांना हे जिने चढवून परत कसं आणणार? ठेवून घेऊ, असं लेखी देतात का?

दुसरं औषधांचं. लेव्होडोपाची गोळी घड्याळ लावून द्यावी लागते, जेवणाआधी साधारण अर्धा तास. प्रथिनांच्या जेवणाबरोबर गेली तर नीट लागू पडत नाही, आणि उशीर झाला की हे पार ताठरतात. सगळ्यांना जेवणानंतर एकदम गोळ्या वाटत असतील तर तुम्ही कसं जमवलंत? गोळ्या मी माझ्याकडे ठेवीन, पण मीच आजारी पडले तर?

घर विकणार नाही, भाड्याने देऊन खर्च भागवू. कुणी कितीही सुचवलं तरी बक्षीसपत्र आत्ता नाहीच.

१४५६७ ह्या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर विचारणार आहेच. पण ज्यांचं माणूस अशा ठिकाणी राहिलंय, त्यांचा अनुभव हवा आहे. रात्री मदतीला कोण असतं, जवळचं हॉस्पिटल किती लांब, आणि मुख्य म्हणजे नवरा-बायकोला एकाच खोलीत शेवटपर्यंत राहू देतात का, एवढं तरी जरूर लिहा.