ठिगळ्या, चिंध्या की फाटक्या? ‘पॅचेस’ला मराठीत काय म्हणाल?

रात्रपाळी:
क्लॅरन्स कार्टरचं १९७० सालचं ‘पॅचेस’ हे सोल गाणं मराठीत करायला घेतलंय. अमेरिकेतल्या अलाबामात, पार रानातल्या शेतावर वाढलेला पोरगा. अंगावर धड कपडा नाही, म्हणून लोक ‘पॅचेस’ म्हणतात. फाटक्या, चिंध्या, ठिगळ्या यातलं काय घेऊ? की ‘पॅचेस’च राहू दे?

काजवा:
‘फाटक्या’ नको. फाटका माणूस म्हणजे गरीब हे खरं, पण ‘फाटक्या’ म्हटलं की आधी फाटक्या तोंडाचा आठवतो. शिवाय ठिगळ लावायला कुणीतरी सुईदोरा घेऊन बसलेलं असतं. त्या घरात हेच तर चाललंय: पिकाच्या पैशात देणी कशीबशी भागतात, तरी बापाची ओढाताण सुटत नाही. ‘रफू’ही नको. रफू करतात ती दिसू नये म्हणून. खाकी चड्डीच्या बुडाला निळं ठिगळ असलं की अख्ख्या वर्गाला दिसतं, आणि नाव पडतं ते तिथेच.

तिरफळ:
‘चिंध्या’बद्दल. सिंधुताई सपकाळांना लहानपणी ‘चिंधी’ म्हणत, नकोशी मुलगी म्हणून. आपल्याकडे या शब्दाला तो वास आहे. हा पोरगा मात्र नकोसा नाही. बापही त्याला त्या नावावरून चिडवतो, पण एवढं राबूनही लेकराला धड कपडा देता आला नाही हे त्याला आत लागलेलं असतं. पुढे मरणाच्या खाटेवरून, खांद्यावर हात ठेवून, बाप हाक मारतो तीही ‘पॅचेस’ अशीच. म्हणजे चिडवायला आणि निरोप घ्यायला एकच शब्द पुरला पाहिजे. ‘ठिगळ्या’ पुरतो. बारक्या, काळ्या, बाळ्या या नावांत हेटाळणी असते तशी मायाही असते.

रात्रपाळी:
पण मरताना बापाने ‘ठिगळ्या’ म्हटलं तर लोक हसणार नाहीत? हल्ली ठिगळं फक्त रस्त्यांना लागतात.

काजवा:
सुरुवातीला हसू द्या की. कार्टर आधी बोलूनच नाव कसं पडलं ते सांगतो, मग गातो. खाटेपाशी पोचेपर्यंत हसू ओसरलेलं असतं. तिथे बाप जे सांगतो त्याचं ‘घराची सारी भिस्त आता तुझ्यावर’ असं करा. ‘मी तुझ्यावर अवलंबून आहे’ हे अर्जातलं वाटतं.

आणि कृपा करून बापाच्या तोंडी ‘हाय-न्हाय’ घालू नका, शेत अलाबामातून उचलून थेट साताऱ्यात येईल. गाणं लिहिलंय जनरल जॉन्सन आणि रॉन डनबार यांनी, आधी गायलं ‘चेअरमेन ऑफ द बोर्ड’ या गायकांच्या गटाने. पण कार्टर अलाबामातल्या माँटगमरीचा, रेकॉर्डिंगही तिथल्याच मसल शोल्सच्या फेम स्टुडिओतलं. अलाबामा त्याच्या घरचाच आहे, तो तसाच राहू द्या.

तिरफळ:
सहमत. पुढे पावसात पीक वाहून जातं आणि तेराव्या वर्षी सगळा भार त्याच्या खांद्यावर येतो, तिथे ‘आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार’ टाकायचा मोह होईल. टाळा. गाण्यात तिथे नुसता जोराचा पाऊस आहे, कोटी नाही. चालीचं म्हणाल तर ‘ठिग-ळ्या’ दोन ठोक्यांत बसतं, ‘पॅ-चेस’सारखंच. मागे ‘रे’ जोडू नका, तिसरा ठोका होईल.