मदत हवी आहे: भाच्याला बोटीवर पाठवणाऱ्या एजंटची खातरजमा कशी करायची?

नमस्कार मंडळी,

इथे बोटीवर नोकरी केलेले किंवा घरात कोणी बोटीवर असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते. जरा घाईचं आहे.

माझी बहीण दापोली तालुक्यात राहते. तिचा मुलगा बारावीनंतर जीपी रेटिंगचा, म्हणजे बोटीवरच्या साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स करून बाहेर पडला. संस्था मान्यताप्राप्त होती, ते आम्ही आधी बघितलं होतं. इंडोस नंबर (खलाशाचा ओळख क्रमांक), सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), एसटीसीडब्ल्यूची (बोटीवरच्या प्रशिक्षणाची) सर्टिफिकेटं, सगळं रीतसर आहे. अडलंय ते पहिल्या बोटीवर. जिथे जावं तिथे अनुभव विचारतात आणि बोटीवर चढल्याशिवाय अनुभव मिळत नाही. मुलगा मेहनती आहे, पण घरी बसून बसून पार खचलाय. आमच्याकडे घरटी एक माणूस बोटीवर असायचा, त्यामुळे गावात जो भेटेल तो हेच विचारतो, "काय रे, अजून गेला नाहीस?"

आता नवी मुंबईतला एक एजंट भेटलाय. चार लाख मागतो. एक लाख देऊन झालेत, उरलेल्यासाठी बहीण पाटल्या घेऊन पतपेढीत जायच्या तयारीत आहे. मुलाने व्हिजिट व्हिसावर दुबईला जायचं, तिथून त्याला शारजाला बोटीवर चढवणार. करार तिकडे गेल्यावर. ऑफर लेटर म्हणून व्हॉट्सअॅपवर एक फोटो आलाय. त्यात बोटीचं नाव आहे, पनामाचा झेंडा आहे (म्हणजे बोट तिथे नोंदलेली), पद ओएस (डेकवरचा साधा खलाशी), पगार डॉलरमध्ये. मालक कंपनीचं नाव कुठेच नाही. बोटीचा आयएमओ नंबर, म्हणजे बोट ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिलाय तो सहा आकडी. खाली आरपीएसएल (खलाशी भरतीच्या परवान्याचा) नंबर छापलाय, पण त्याच्याशेजारी कंपनीचं नाव नाही. विचारलं तर म्हणाला, "आमचं टायअप आहे, तुम्ही काळजी करू नका." आणि मुलाचा पासपोर्ट आणि सीडीसी त्याच्याकडेच आहेत. हे मला परवा कळलं, तेव्हापासून झोप नाही.

मी वाचलं ते एवढंच, की हा सगळा कारभार केंद्राच्या बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाकडे आहे (२०२० पर्यंत नुसतं नौवहन मंत्रालय होतं) आणि खलाशांच्या भरतीचे परवाने त्यांच्या हाताखालचं मुंबईतलं नौवहन महासंचालनालय, म्हणजे आपलं डीजी शिपिंग देतं. पण तो परवाना खरा की खोटा हे घरबसल्या कसं बघायचं? पैसे घेणं मुळात कायदेशीर आहे का? कागदपत्रं परत कशी काढायची? आणि बहिणीला कोणत्या शब्दांत थांबवू? "तुला माझ्या पोराचं चांगलं झालेलं बघवत नाही" इथपर्यंत बोलणं गेलंय.

निवृत्त सारंग:

ताई, आधी पासपोर्ट आणि सीडीसी ताब्यात घ्या. बाकीचं नंतर. मुलाने एकट्याने जाऊ नये, घरातला मोठा माणूस बरोबर न्यावा. "बँकेला ओरिजनल दाखवायचे आहेत" म्हणा आणि घेऊन या. पासपोर्ट सरकारच्या मालकीचा असतो, एजंटला तो अडकवून ठेवता येत नाही. देत नसेल तर सरळ पोलीस चौकी.

आता पैशाचं. खलाशाला नोकरी लावण्यासाठी त्याच्याकडून फी घ्यायची नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २००६ चा सागरी कामगार करार, ज्याला आम्ही एमएलसी म्हणतो, तो भारताने २०१५ साली स्वीकारला. त्याप्रमाणे पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल यांचा खर्च खलाशाचा. बाकी भरतीचा, अगदी व्हिसाचासुद्धा, मालकाचा. म्हणजे चार लाख काय, चाळीस हजार मागितले तरी तिथेच उठायचं.

मी उभी हयात डेकवर काढली. फसलेली पोरं बघितली आहेत. व्हिजिट व्हिसावर नेतात, भंगारात जायच्या लायकीच्या बोटीवर चढवतात, मालक पगार थकवतो आणि एक दिवस फोन उचलायचा बंद होतो. बोट नांगरावर, डिझेल संपलेलं, प्यायचं पाणी मोजून. पोराला उतरता येत नाही, कारण व्हिसा कधीच संपलेला असतो. बहिणीला हे सांगा. माझं नाव सांगून सांगा, पाहिजे तर मी फोनवर बोलतो.

डेक_कॅडेट_नवी_मुंबई:

तुमचा सहा आकडी नंबरच सगळं सांगतो. आयएमओ नंबर सात आकडीच असतो, आणि सातवा आकडा पहिल्या सहांवरून ठरतो. पहिल्या आकड्याला ७ ने गुणा, दुसऱ्याला ६ ने, मग ५, ४, ३, २. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजेच सातवा आकडा. उदा. ९०७४७२९ घ्या: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, शेवटी ९. जुळलं. एजंट उद्या "टायपिंग चुकलं" म्हणून सातवा आकडा देईल, तेव्हा हे करून बघा. हिशोब जुळला तरी तेवढ्यावर थांबू नका. इक्वासिस नावाची फुकट साइट आहे, नाव नोंदवून नंबर टाकला की बोट कोणत्या सालची, मालक कोण, कोणत्या बंदरात तपासणीत अडकवली होती, हे दिसतं.

आरपीएसएलची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर आहे. फोटोतला नंबर त्यात शोधा, ज्या कंपनीचं नाव येईल तिला यादीतल्या फोनवर फोन करा. एजंटने दिलेल्या नंबरवर अजिबात नको. "टायअप" हा प्रकार नसतो. परवाना ज्याच्या नावावर, भरती त्यानेच करायची. आणि करार बोटीवर चढायच्या आधी, वाचून, सही करून, एक प्रत मुलाच्या हातात.

सागरकन्या:

यादीत असण्याचा खरा उपयोग पुढे होतो. परवानाधारक कंपनी मुलाची नोंद डीजी शिपिंगच्या प्रणालीत करते, त्यामुळे तो कोणत्या बोटीवर आहे हे सरकारदरबारी राहतं. माझे दीर गेल्यावर्षी पगार थकून अडकले होते, पण परवान्याच्या कंपनीतून गेले होते म्हणून आमच्याकडे पकडायला कोणीतरी होतं. दोन महिने पगार नाही आणि मालकाने वाऱ्यावर सोडलं, तर एमएलसीप्रमाणे बोटीच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी यायचा खर्च मिळतो. त्या विम्याचं सर्टिफिकेट बोटीवर लावलेलं असावंच लागतं. भाचा पुढे कधी बोटीवर चढला की पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा.

तक्रार डीजी शिपिंगकडे लेखी करा. शिवाय केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर याच मंत्रालयाचं नाव निवडून घाला, तिथे नोंदणी क्रमांक मिळतो. बॅलार्ड इस्टेटला नुसी, म्हणजे खलाशांची युनियन आहे, तिथेही विचारा. दिलेले एक लाख यूपीआयने गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भाच्याबरोबर बसून यादी उघडली. फोटोतला आरपीएसएल नंबर खरा निघाला, पण तो अंधेरीच्या दुसऱ्याच कंपनीचा. सकाळी त्यांना फोन केला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, या नावाचा आमचा कोणी माणूस नाही, तो फोटो आम्हाला पाठवा, आम्हीही तक्रार करतो. फोन स्पीकरवर होता. बहीण ऐकत होती. पाटल्या परत कपाटात गेल्या.

सारंगकाका, उद्या मेहुणे आणि भाचा कागदपत्रं आणायला जातायत. तुमचा नंबर मला खाजगी संदेशात द्याल का? भाच्याला तुमच्याशी बोलायचंय. एक लाखातले साठ हजार यूपीआयने गेलेत, त्याची तक्रार १९३० वर नोंदवली. चाळीस रोख दिलेत, पावती नाही. रोख रकमेसाठी पोलिसांत तक्रार देताना व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून चालतं का, आणि तक्रार दापोलीत द्यायची की नवी मुंबईत?

अजून एक. नवीन ओएसला किंवा ट्रेनीला खरोखर घेणाऱ्या, यादीतल्या कंपन्या कोणाला माहीत असतील तर कृपया सांगा. किनाऱ्या-किनाऱ्याने चालणारी भारतीय झेंड्याची बोट असली तरी चालेल, पगार कमी असला तरी चालेल. त्याला फक्त सी-टाइम (बोटीवरच्या नोकरीचा काळ) सुरू करायचाय.