मदत हवी आहे: गटात पाचवा काउंटर जोडला की सगळेच शून्य

नमस्कार मंडळी. लिनक्सवर मॅट्रिक्स गुणाकाराच्या लूपमध्ये कॅश मिस (हवा तो डेटा प्रोसेसरच्या कॅशमध्ये न सापडणं) किती होतात ते मोजतोय. प्रोसेसरचे हार्डवेअर काउंटर उघडणाऱ्या 'परफ_इव्हेंट_ओपन'ला जीलिबसीत (सी लायब्ररीत) रॅपर, म्हणजे तयार फंक्शन, नाही, म्हणून सी मधून थेट सिस्टिम कॉल करतो. कर्नलचा भाग वगळलाय, त्यामुळे पॅरानॉइड सेटिंग (साध्या युजरला काय मोजता येईल ते ठरवणारं) २ असूनही परवानगीची अडचण नाही.

एकच काउंटर उघडला की आकडे पटण्यासारखे येतात: ओळीने फिरलं तर मिस कमी, स्तंभाने फिरलं तर भरमसाट. पण मला मिस, इन्स्ट्रक्शन वगैरे एकाच वेळचे हवेत, म्हणून लीडरचा (गटातल्या पहिल्या इव्हेंटचा) एफडी, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, देऊन गट केला. चार इव्हेंटपर्यंत सगळं सुरळीत. पाचवा जोडला की एरर काहीच नाही, पण रीड केल्यावर सगळेच्या सगळे शून्य! टाइम एनेबल्ड (काउंटर चालू ठेवल्याचा वेळ) वाढतो, टाइम रनिंग (खरोखर मोजणी झाल्याचा वेळ) मात्र ०. म्हणजे गट प्रोसेसरवर चढतच नाही.

एनएमआय वॉचडॉग (प्रोसेसर अडकलाय का ते पाहणारी कर्नलची सोय) बंद केला की पाचही चालतात; एक काउंटर तोच अडवून बसलेला असणार. पण मशीन इतरांचंही आहे, तिथे वॉचडॉग कायमचा बंद ठेवणं मला पटत नाही.

गट दोन तुकड्यांत फोडला तर आलटूनपालटून मोजणी होईल. माझा लूप जेमतेम काही मिलिसेकंद चालतो. एवढ्या कमी वेळात एनेबल्ड-रनिंगच्या प्रमाणाने वाढवलेल्या आकड्यांवर विसंबावं का? की लूप दोनदा चालवून दोन गट वेगवेगळे मोजावेत? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.