'किद्दुश'ला मराठीत काय म्हणायचं?

ठाणेकर:
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय, मदत करा. आमच्या शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं कुटुंब आहे, तीसेक वर्षांचा शेजार, भिंतीला भिंत लागून. त्यांचा नातू तेरा वर्षांचा होतोय आणि शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, त्याचा बार मिट्झ्वा आहे. पत्रिकेची इंग्रजी बाजू छापायला गेली, मराठी बाजू आजोबांनी माझ्याकडे सोपवली कारण मी शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांचे निम्मे पाहुणे अलिबाग-रेवदंड्याकडचे, मराठीच वाचणारे. बाकी सगळं लिहून झालं, शेवटच्या ओळीवर गाडी अडली. इंग्रजीत तिथे 'किद्दुश लंच' आहे. मी आधी 'प्रार्थनेनंतर अल्पोपाहार' लिहिलं, तर आजोबा म्हणाले अल्पोपाहार नव्हे गं, लोकांना वाटेल चहा-बिस्किटं. मग 'स्नेहभोजन' लिहिलं, तर म्हणाले ते रिटायरमेंटला लिहितात. 'मेजवानी' त्यांना फार दरबारी वाटतं. माझे मिस्टर म्हणतात सरळ 'मुंजीचं जेवण' लिही, सगळ्यांना कळेल. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही हेही नीट सांगता येत नाहीये. शिवाय बार मिट्झ्वा तो, ती की ते? आणि मिट्झ्वा लिहायचं, मित्स्वा की मिट्‌झवाह? पत्रिका मंगळवारी छापायला द्यायचीय.

पुणे ३०:
मिस्टरांचं काय चुकलं ताई? मुलगा ठरावीक वयाचा होतो, धर्माची जबाबदारी घेतो, ग्रंथातला भाग म्हणून दाखवतो, मग नातेवाईक जेवतात. मुंजच की ती. परक्या शब्दांपेक्षा ओळखीचा शब्द बरा, माझं तरी असंच मत आहे.

अश्दोदकर:
ताई, मी पेणचा, १९७१ साली आईबापांबरोबर इस्रायलला आलो, तेव्हा दहा वर्षांचा होतो, माझा स्वतःचा बार मिट्झ्वा इथे अश्दोदला झाला. घरात आजही मराठीच बोलतो म्हणून राहवलं नाही. पुण्याच्या दादांना सांगतो, वरून बघितलं तर मुंजीसारखं वाटतं खरं, पण आतून उलटं आहे. मुंज लागते तेव्हा मुलगा बटू होतो, म्हणजे विधी त्याला बटू करतो, विधी झालाच नाही तर तो बटू नाही. आमच्यात मुलगा तेरा वर्षं पूर्ण झाली की आपोआप बार मिट्झ्वा होतो, तो सिनेगॉगमध्ये गेला नाही, तोरा (आमचा धर्मग्रंथ) वाचली नाही, कुणी जेवायला आलं नाही तरी झालाच. 'बार' हा आरामी शब्द, अर्थ पुत्र, हिब्रूत तेच 'बेन', आमच्या 'बेने इस्रायल' नावातलं बेने त्याच बेनचं अनेकवचन. मिट्झ्वा म्हणजे आज्ञा, धर्माने सांगितलेलं कर्तव्य. म्हणजे बार मिट्झ्वा हे समारंभाचं नाव नाहीच मुळात, ते मुलाचं नाव आहे, आज्ञेला बांधलेला. म्हणून आमची आजी 'मुंज केली' सारखं 'बार मिट्झ्वा केला' म्हणायची नाही, 'पोरगा बार मिट्झ्वा झाला' म्हणायची. तुमचा तो-ती-तेचा प्रश्न तिथेच सुटतो, मुलगा झाला म्हणून तो. समारंभाबद्दल लिहायचं तर 'बार मिट्झ्वाचा समारंभ' लिहा. मुलगी असेल तर 'बात मिट्झ्वा झाली', बात म्हणजे कन्या, परंपरेने तिचं वय बारा.

आता किद्दुश. याचा मूळ अर्थ खाणं नाही. हिब्रू धातू आहे क-द-श, पवित्र करणं, बाकीच्यापासून वेगळं काढून ठेवणं. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा दिवस बाकीच्या सहा दिवसांपासून वेगळा आहे हे हातात द्राक्षरसाचा पेला धरून म्हणायचं, तो आशीर्वाद म्हणजे किद्दुश. पण नियम असा की किद्दुश जिथे, जेवण तिथे. नुसता पेला पिऊन घरी गेलात तर किद्दुश पुरा होत नाही, तिथेच काहीतरी खावं लागतं. त्यामुळे शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर जे टेबल मांडतात त्यालाच लोक किद्दुश म्हणायला लागले. आजोबांना अल्पोपाहार का नको वाटला ते आता कळेल, त्यात पेला हरवतो आणि पेल्यामुळेच तर खाणं आहे. आमच्या कोकणातल्या घरांत वाईनच्या ऐवजी मनुका भिजवून कुस्करून गाळलेलं सरबत असायचं, आई शुक्रवारी दुपारी करून ठेवायची, त्या वासानेच आम्हाला शब्बाथ कळायचा.

छापताना एक काळजी घ्या. त्याच धातूपासून 'काद्दिश' नावाची प्रार्थना आहे, ती मृताच्या मागे मुलं म्हणतात. छापखान्यात इकडची वेलांटी तिकडे गेली आणि पत्रिकेत 'काद्दिश' छापलं तर काय होईल बघा. प्रूफ स्वतः वाचा.

न्यू जर्सीची मावशी:
अश्दोदच्या दादांचं वाचून खूप बरं वाटलं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीच्या बात मिट्झ्वाला मी मदतीला होते म्हणून यजमानपणाच्या बाजूने सांगते. इथे 'किद्दुश स्पॉन्सर करणं' असा शब्दप्रयोग सर्रास आहे, म्हणजे त्या शनिवारचं टेबल या घराकडून. आणि यातली गोष्ट जी मला आधी माहीत नव्हती ती अशी की हे टेबल फक्त तुमच्या पाहुण्यांसाठी नसतं, त्या सकाळी प्रार्थनेला जो येईल त्या सगळ्यांसाठी असतं, दर शनिवारी येणारे म्हातारे आजोबा, नुकतीच राहायला आलेली बाई, कुणीही. मैत्रिणीने नव्वद पाहुणे मोजले होते, तिच्या सासूने शांतपणे सांगितलं की अजून पन्नास धर. मला आपलं गावजेवणच आठवलं. पहिला पेला, मग 'हल्ला' नावाचे वेणीसारखे दोन पाव झाकलेले, त्यावर आशीर्वाद, मग हेरिंग मासे, कुगेल (नूडल्स किंवा बटाट्याचा भाजलेला पदार्थ), सॅलड, केक. मुलीला अलगद लागतील अशा मऊ गोळ्या आत प्रार्थनेच्या वेळीच उधळल्या होत्या, आपल्या अक्षतांसारख्या. मुलींचं हे इतकं जुनं नाही बरं का, अमेरिकेत पहिला बात मिट्झ्वा धरतात तो १९२२ च्या मार्चमधला न्यूयॉर्कमधला, रब्बी (ज्यू धर्मगुरू) मॉर्डेकाय कॅप्लन यांच्या मुलीचा.

ताई 'गावजेवण' लिहू नका अर्थात, पण अर्थाने ते जवळचं आहे एवढंच.

पुणे ३०:
मुंजीचा मुद्दा मी मागे घेतो, 'झाला' आणि 'लागली' यातला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पण एक शंका राहिली. वय झालं की आपोआप झाला म्हणता, विधीची गरज नाही म्हणता, मग जेवण कशासाठी? मुंजीचं जेवण विधीचं अंग असतं. इथे विधीच जरुरीचा नाही तर जेवण म्हणजे निव्वळ हौस झाली ना?

अश्दोदकर:
दादा, फार चांगला प्रश्न विचारलात आणि याचं उत्तर तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात आहे, मला इतकं आवडतं की माझ्या मुलाच्या जेवणात मी तेच सांगितलं होतं. राव योसेफ नावाचे एक मोठे पंडित होते, आंधळे होते. एक मत असं होतं की आंधळ्या माणसावर आज्ञांचं बंधन नाही. राव योसेफ म्हणाले, आधी मला वाटायचं की हेच मत खरं आहे असं कुणी मला सांगितलं तर मी सगळ्या पंडितांना जेवण घालीन, कारण मला बंधन नसताना मी सगळं पाळतोय. पण मग त्यांनी रब्बी हनिनांचं वचन ऐकलं की ज्याला सांगितलंय आणि जो करतो तो, न सांगता करणाऱ्यापेक्षा मोठा. तेव्हा ते म्हणाले, आता उलट, माझ्यावरही बंधन आहे असं जो मला सांगेल, त्या आनंदात मी जेवण घालीन.

बघा, जेवण कशाचं, तर बंधन आलं याचं. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या रब्बी श्लोमो लुरिया यांनी याच गोष्टीवरून सांगितलं की बार मिट्झ्वाचं जेवण म्हणजे 'सेऊदत मिट्झ्वा', आज्ञेचं जेवण, हौसेचं नव्हे. तेरा पूर्ण होईपर्यंत पोरगा उपास धरायचा तो कौतुकाचा, त्यानंतर धरतो तो त्याचा स्वतःचा. त्यांनी असंही म्हटलंय की जेवण नेमकं त्या दिवशी नसलं तरी मुलगा तिथे चार शब्द धर्माचे बोलला तर ते आज्ञेचंच जेवण. म्हणून मुलगा उठून भाषण करतो ना, त्याला द्राशा म्हणतात. लग्नाचं जेवणही याच सेऊदत मिट्झ्वामध्ये येतं. त्या दिवशी बाप सिनेगॉगमध्ये एक वाक्य म्हणतो, याच्या चुकांच्या शिक्षेतून मला मोकळं करणाऱ्याचा जयजयकार असो. माझा आवाज फुटला होता ते म्हणताना.

भाषाप्रेमी, गिरगाव:
या सगळ्यात आपल्याकडचा एक शब्द कुणीच घेतला नाही, यजमान. मूळ संस्कृत अर्थ जो यज्ञ करवतो तो, आणि मराठीत त्याचाच अर्थ जो घरी बोलावून जेवू घालतो तो असाही झाला. विधी आणि पंगत एकाच शब्दात आलेत, सेऊदत मिट्झ्वात आहे तसंच. मेजवानी फारसी, मेजवान म्हणजे पाहुणचार करणारा, त्यात धर्माचा काही संबंध नाही, आजोबांना तो शब्द दरबारी वाटला ते कान तयार असल्याचं लक्षण आहे. पत्रिकेत आजीआजोबांच्या नावाआधी 'यजमान' छापा असं मी सुचवीन.

लेखनाबद्दल. मिट्झ्वामधलं ट्झ हे इंग्रजी स्पेलिंगवरून आलेलं आहे. हिब्रूतलं अक्षर त्सादे, आज त्याचा उच्चार आपल्या चोर, चूल, चांगला मधल्या च सारखाच आहे. हिंदीवाल्यांना हा च नाही, आपल्याला जन्मापासून येतो. त्यामुळे खरं तर 'मिच्वा' लिहून मराठी माणूस अचूक वाचू शकतो, पण कुणी चहाचा च वाचेल ही भीती आहे म्हणून मित्स्वा सगळ्यात सुरक्षित. रूढ मिट्झ्वा झालंय हेही खरं.

ठाणेकर:
सगळ्यांचे खूप आभार, काल सगळं आजोबांना वाचून दाखवलं. मिट्झ्वाच ठेवू म्हणाले, इंग्रजी बाजूशी जुळतं. यजमान त्यांना आवडला. मग त्यांनी मला विचारलं की मलिदा लिहायचा राहिला ना? म्हणजे आदल्या गुरुवारी घरी मलिदा आहे, एलियाहू हन्नबी या प्रेषितांच्या नावाने, भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, बेदाणे, वर फळं मांडून. आणि माझी पंचाईत अशी की मराठीत 'मलिदा खाल्ला' म्हणजे पैसे खाल्ले. पत्रिकेत 'मलिद्यास यावे' कसं दिसेल?

अश्दोदकर:
ताई, बिनधास्त लिहा!! हा शब्द आमचा आहे, पैशांचा अर्थ नंतर लोकांनी चिकटवला. आमची लेकरं इथे हिब्रू बोलतात, मराठी निम्मी विसरली, पण मलिदा म्हटलं की मलिदाच, त्याला हिब्रू शब्द कुणी लावत नाही. लॉडला, दिमोनाला, बीरशेव्याला कुठेही जा, ताटात पोहेच.

भाषाप्रेमी, गिरगाव:
दुजोरा. मूळ फारसी, कुस्करलेलं, चोळलेलं असा अर्थ. पोळी कुस्करून तूपगूळ घातलेला मलिदा पिराला चढवतात, तो पहिला अर्थ, लाच ही नंतरची लक्षणा. आणि बेने इस्रायलांच्या मराठीत असे कितीतरी शब्द आहेत जे आपण विसरलो. योम किप्पुरला (प्रायश्चित्ताचा दिवस) दारफाळणीचा सण, रोश हशानाला (नवं वर्ष) नव्याचा सण, तिशा बेआवला (मंदिर पाडल्याच्या शोकाचा उपास) बिरड्याचा रोजा. सिनेगॉगला मशीद म्हणायचे, मुंबईतलं शार हारहामिम १७९६ चं, त्याला अजून जुनी मशीद म्हणतात. हिब्रू शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायच्या आधी या लोकांनी घरात काय म्हटलंय ते विचारायला हवं, ते दोनशे वर्षांहून जास्त काळ हे काम करत आलेत. ताई, आजोबांना विचाराल का, त्यांच्या घरी किद्दुशला काय म्हणायचे?

ठाणेकर:
विचारलं. म्हणाले किद्दुशच म्हणायचे, दुसरं काही नाही. 'किद्दुश घे' म्हणजे पेला हातात घे आणि 'किद्दुशला थांब' म्हणजे जेवायला थांब. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो, मी इतकी वर्षं मराठी शिकवून हे ऐकलं नव्हतं.

न्यू जर्सीची मावशी:
मग झालं की ताई, 'किद्दुशला थांबावे' लिहा!

अजून एक, जेवण मटणाचं असेल तर पत्रिका बघून कुणी प्रेमाने बासुंदी-दही घेऊन येऊ नये, मांसाबरोबर दूध चालत नाही.

ठाणेकर:
जेवण आजीच करणार, सगळं शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत, शनिवारी चूल पेटवत नाहीत, गरम राहील असं झाकून ठेवतात. मटण, नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा, सोलकढी. दूध कुठेच नाही आणि कोकणात ते कुणाला कळणारही नाही. अहेराचं मात्र लिहावं लागलं, शनिवारी पैसे हातात घेत नाहीत, पाकीट कुणी पुढे केलं तर आजोबांनाच अवघड होईल. आता ओळ अशी झालीय, काही खटकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा:

'प्रार्थनेनंतर सर्वांनी किद्दुशला थांबावे, जेवण तिथेच आहे. शब्बाथ असल्याने अहेर आणू नये. आदल्या गुरुवारी संध्याकाळी राहत्या घरी मलिदा, त्यासही अगत्य यावे.'

पुणे ३०:
'जेवण तिथेच आहे' फारच छान. फक्त 'सर्वांनी'च्या आधी 'आलेल्या' घाला ताई, 'आलेल्या सर्वांनी'. बोलावलेले आणि न बोलावलेले दोघंही त्यात येतील.