दोन करडे रंग, पण त्यातला एक जांभळट का दिसतोय? (मदत हवी आहे)

मंडळी, दिवाणखान्याला रंग द्यायचाय. शेडकार्डांचा ढीग उपसून गाडी दोन छटांवर येऊन अडली आहे: शेर्विन-विल्यम्स या रंगकंपनीचे ‘अ‍ॅग्रीएबल ग्रे’ (७०२९) आणि ‘रिपोज ग्रे’ (७०१५). घरच्यांच्या मते मी एकाच रंगाची दोन नावं घेऊन बसले आहे.

एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा ० ते १०० मधला आकडा, पहिल्याचा ६० आणि दुसऱ्याचा ५८. तिथे फरक नसल्यातच जमा. संगणकावरचे लाल-हिरवा-निळा आकडे बघितले तर २०९-२०३-१९३ आणि २०४-२०१-१९२. काय तो फरक लालात, म्हणून पहिला जरा मातकट, उबदार. इथवर कळलं.

पण भिंतीवर दोन्हीचे शेजारी-शेजारी वीतभर चौकोन काढले, दोन-दोन हात मारले, तर ‘रिपोज’ चक्क जांभळट! खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. भिंतीचा जुना रंग फिकट पिवळा, दिवे ६५०० केल्विनचे (हा उजेडाच्या छटेचा आकडा; जास्त तितका निळसर, कमी तितका पिवळसर), म्हणजे पांढरेफटक. डबा उघडण्याआधी काय तपासू?

उत्तर १: ताई, पिवळ्यावर कशाला लावलात? पिवळ्याच्या शेजारी करडा ठेवला की तो जांभळ्याकडे झुकलेलाच दिसतो. डोळा विरुद्ध रंग आपणहून भरतो, रंगाचा त्यात दोष नाही. जाड पुठ्ठ्याला आधी पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात, कडेने चार बोटं पांढरं सोडा. पूर्ण वाळू द्या. मग भिंतीला उभा टेकवून बघा. टेबलावर आडवा ठेवून नको, तिथे उजेड वेगळा पडतो. आणि एका वेळी एकच पुठ्ठा! खोलीत दोन्ही रंग लागणार नाहीयेत.

उत्तर २: उत्तरेचा उजेड मुळात निळसर, त्यात तुमचे ६५०० चे दिवे. आधी दिवे बदला, ३००० च्या आसपासचे लावा, मग रंग ठरवा. उलटं केलंत तर परत इथेच याल. माझं मत विचाराल तर अ‍ॅग्रीएबल, थंड खोलीला ऊब हवी.

धागाकर्ती: पुठ्ठे केले, दिवे बदलले. रिपोजचा जांभळा खरंच गायब! स्वच्छ करडा दिसतोय, खिडकीशेजारी किंचित हिरवट, पण ते चालेल. अ‍ॅग्रीएबल दिवसा सुरेख, पण रात्री नव्या दिव्यांत आमच्या पांढऱ्या फरशीपुढे चहा सांडल्यासारखा वाटतो. बसायला आम्ही तिथे रात्रीच असतो, म्हणून रिपोज नक्की.

घरच्यांना दोन्ही पुठ्ठे आळीपाळीने दाखवले. म्हणाले, “हा तर मघाचाच ना?”