टीडीएस ठीक आहे, तरी बोअरचं पाणी तपासावं का?

प्रश्न : किनवट तालुक्यात 320 फुटांचा नवा बोअर घेतलाय. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर 460 दाखवतं, पाणी चवीला गोड. पण शेजारच्या वाडीतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. नेमकं काय तपासून घ्यावं? नमुना कसा न्यायचा? तोवर उकळून प्यायलं तर चालेल का?

बोअरवाला_नांदेड : दातांवरचे तसे पट्टे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे असू शकतात. मीटरवर जाऊ नका. ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच पाहतं. 460 टीडीएसमध्ये फ्लोराइड 0.4 असेल किंवा 4, मीटरला त्याचा पत्ताच लागत नाही. उलट खोल बोअरच्या पाण्यात साबणाला छान फेस येत असेल तर जास्त सावध राहा. कॅल्शियम कमी असलं की फ्लोराइड खाली बसत नाही, पाण्यातच राहतं.

फ्लोराइड, नायट्रेट, पीएच, क्षारता, कठीणपणा एवढं सांगा. आयएस 10500 (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. नायट्रेट 45, त्यात सूट नाही. अहवालात ‘नायट्रेट’ आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ तेही बघा. दुसऱ्यात 12 आलं तर ते नायट्रेटच्या हिशेबात 53 होतं, म्हणजे पाणी नापास.

लॅबमधला : नमुन्यातच निम्मे घोळ होतात. नव्या बोअरमधला गाळ आधी उपसून काढा. नमुन्याच्या दिवशी पंप 10-15 मिनिटं चालवून मगच पाणी घ्या, टाकीतलं नको. 2 लिटरची स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा. फ्लोराइडसाठी काच टाळा. कॅन बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. नायट्रेटची तपासणी 48 तासांत व्हायला हवी. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लॅबमधूनच घ्या, ती विसळायची नाही.

आणि नमुन्याआधी ब्लीचिंग पावडर टाकू नका! फ्लोराइडच्या रंगचाचणीत फ्लोराइड जितकं जास्त तितका लाल रंग फिका. क्लोरीनही तोच रंग उडवतं, मग नसलेलं फ्लोराइड दिसतं.

जलसुरक्षक : ग्रामपंचायतीत पाणी तपासायचं किट असेल तर आधी त्यावर बघा, पण द्रावणाची मुदत वाचून. रंग सावलीत, पांढऱ्या कागदावर धरून जुळवा. उत्तर 1 ते 1.5 च्या मधे आलं तर किटवर भरवसा नको, नमुना सरळ नांदेडला भूजल सर्वेक्षणच्या लॅबला द्या.

उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटेल तसं ते वाढतंच. तोवर आडाचं पाणी पिणार असाल तर त्यातलं नायट्रेट आधी बघून घ्या, जवळ उकिरडा किंवा गोठा असेल तर नक्कीच.